आता मालकाची चौकशी

(रत्नागिरीत तरुणांच्या मेळाव्यात केलेलं भाषण. बोललो तसंच उतरवून काढलंय. मधे मधे पोरं ओरडली, हसली, ते गाळलंय.)



मला इथं कवी म्हणून बोलावलंय. पण आज कविता वाचणार नाही. आज खोलीबद्दल बोलणार आहे. दहा बाय बाराच्या खोलीबद्दल. भाड्याच्या.

मी शिकलो मॅट्रिकपर्यंत. मिरकरवाडा बंदरात हमाली करतो. बोट लागली की मासळीचे क्रेट वर काढायचे, बर्फ खाली द्यायचा, टेम्पो भरायचा. अंगाला वास कायमचा. मोबाईलमधलं अॅप कसं बनवावं ह्यावर असल्या माणसानं काय बोलावं? पण अठराव्या वर्षापासून मी भाडेकरू आहे. सात वर्षांत सहा खोल्या बदलल्या. ह्या विषयात माझी पदवी तीच.

झालं असं, की माझा एक दोस्त आहे. त्यानं डिप्लोमा केलाय, मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसतो, कॉम्प्युटरचं बरंच जाणतो. तो मला म्हणाला, "हॉटेलला तारे देतात, रिक्षावाल्याला तारे देतात, पार्सल घेऊन येणाऱ्या पोराला पण तारे देतात. घरमालकाला का नाही रे? आपण अॅप काढू. भाडेकरूंनी मालकाला मार्क द्यायचे." मी हसलो. मग हसू थांबलं. कारण माझ्या डोक्यात माझे सहा मालक लायनीत उभे राहिले.

त्यातल्या चौथ्याचं सांगतो. नाव सांगणार नाही, गल्ली पण सांगणार नाही. का नाही, ते पुढं येईल.

खोली बघायला गेलो. मालक ओटीवर बसलेला. काय करता? बंदरावर काम. एकटे? एकटा. गाव? मंडणगडाकडं. आडनाव? सांगितलं. आता माझं आडनाव असं आहे की ते मराठ्यांत पण आहे आणि आपल्यात पण आहे. कोकणात अशी आडनावं पुष्कळ. म्हणून इथला मालक आडनावावर थांबत नाही. तो पुढचा प्रश्न विचारतो, "वाडी कुठली?"

मित्रांनो, हा प्रश्न साधा नाही. कोकणातलं गाव म्हंजे वाड्या, आणि वाडी म्हंजे जात. वाडी सांगितली की जात सांगून झाली. २०२० च्या डिसेंबरात राज्य सरकारनं ठरवलं की वस्त्यांची जातिवाचक नावं काढायची, समतानगर, भीमनगर अशी नावं द्यायची. चांगलं केलं. पण समतानगर म्हटलं की मालकाला काय समजायचं ते समजतंच. बोर्ड बदलला, वाडी गावाच्या त्याच टोकाला राहिली.

मी काय केलं? मी खोटं बोललो. गाव खरं सांगितलं, वाडी शेजारची सांगितली. मालक खूष. "या, आपलीच खोली समजा." भाडं साडेतीन हजार, डिपॉझिट पंधरा. करारबिरार नाही. पावती मागितली तर म्हणाला, "विश्वास नाही का?"

मी त्या खोलीत सात महिने राहिलो. बाबासाहेबांचा फोटो पेपरात गुंडाळून ट्रंकेत कपड्यांच्या खाली ठेवला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीला गेलो तर मालकाला सांगितलं, मुंबईला आत्याकडं जातोय. चौदा एप्रिलला मिरवणुकीत नाचलो आणि रात्री खोलीवर जाताना नळावर कपाळाचा निळा रंग धुतला. इथं मंचावर उभा राहून विद्रोहाच्या कविता वाचणारा मी, त्या खोलीत चोरासारखा राहत होतो. तुम्ही टाळ्या वाजवत होता तेव्हा माझा बाप ट्रंकेत होता.

मग एका अंकात माझी कविता छापून आली. नावासकट, फोटोसकट. कुणीतरी पान मोबाईलवर फिरवलं. फिरत फिरत ते मालकाच्या पोराकडं गेलं. मालकानं कविता वाचली की नाही देव जाणे, जात मात्र बरोबर वाचली.

त्यानं भांडण केलं नाही. ते करतच नाहीत. पहिल्यांदा पाणी गेलं. मोटर बिघडली म्हणाला, पण बाकीच्या दोन खोल्यांत पाणी येत होतं. मग जिन्यातला दिवा गेला. मग वीस मेला म्हणाला, "पुतण्या यायचाय, खोली लागते. आणि तुम्ही आधी सांगायला पाहिजे होतं." काय सांगायला पाहिजे होतं, ते बोलला नाही. डिपॉझिटचे रंगाचे कापले, नळाचे कापले, चार हजार हातावर ठेवले. पावती नव्हती. मी काय दाखवणार?

वीस मे म्हंजे काय ते बंदरातल्या माणसाला विचारा. एक जूनपासून एकतीस जुलैपर्यंत मासेमारी बंद. एकसष्ट दिवस. बोटी वर ओढलेल्या, बंदर सुनं, हमालाचा हात रिकामा. ह्या दोन महिन्यांसाठीच ते पंधरा हजार माझ्या डोक्यात होते. त्या पावसात मी काही रात्री जाळ्यांच्या ढिगावर ताडपत्रीखाली काढल्या. ट्रंक बरोबर होती. फोटो भिजू नये म्हणून ट्रंक उशाला आणि मी पावसाला.

आता कुणी म्हणेल, तू खोटं बोललास, म्हणून झालं. मी पण स्वतःला हेच म्हणत होतो. लाज वाटत होती. मग बाबासाहेबांचं बडोद्याचं परत वाचलं.

१९१७ साल. कोलंबियात शिकून, लंडनहून परत आलेला माणूस. बडोदा संस्थानात नोकरीवर हजर व्हायला गेला. आणि ह्या माणसाला राहायला जागा नाही. हिंदू हॉटेलात घेणार नाहीत. मग पारशांच्या सरायीत गेले. तिथं फक्त पारशाला जागा. सराईवाल्यानं रोजच्या दीड रुपयावर ठेवून घेतलं, पण वहीत नाव पारशाचं लिहायचं ठरलं. अकराव्या दिवशी हातात काठ्या घेतलेले डझनभर पारशी दारात. संध्याकाळपर्यंत निघ म्हणाले. एक हिंदू मित्र, एक ख्रिस्ती मित्र, दोघांकडं जाऊन आले, दोघांनी आपापल्या अडचणी सांगितल्या. मुंबईची गाडी रात्री नऊला. तोपर्यंतचे तास बाबासाहेबांनी कामाठी बागेत बसून काढले. हे त्यांनी स्वतः लिहून ठेवलंय. त्यांचं मूळ गाव आंबडवे. आमच्या मंडणगडातलंच.

म्हंजे खोलीसाठी दुसरं नाव घ्यायची पाळी बाबासाहेबांवर पण आली. तेव्हापासून शंभर वर्षं उलटून गेली. मला कळलं की लाज माझी नाही. लाज त्या वहीची आहे, जिच्यात माझं खरं नाव लिहायला जागा नाही.

आणि हे रत्नागिरी शहर बघा. ब्रह्मदेशाच्या थिबा राजाला इंग्रजांनी कैद करून इथं आणून ठेवलं, १९१० साली टेकडीवर राजवाडा बांधून दिला. कैद्याला राजवाडा मिळाला. १९३१ साली इथं पतितपावन मंदिर उघडलं, सगळ्या जातींना आत प्रवेश. भाषणात, पुस्तकात अजून त्याचं कौतुक चालतं. चालू दे. पण देवाचं दार उघडून इतकी वर्षं झाली, ओटीवरच्या मालकाचं दार का उघडलं नाही? कारण देवळात माणूस पाच मिनिटं थांबतो. खोलीत तो राहतो, शिजवतो, अंघोळ करतो, त्याच नळाचं पाणी पितो. शिवाशिव तिथं आहे.

आता कायद्याचं. मला हाकललं तेव्हा मला काही ठाऊक नव्हतं. नंतर कळलं, आणि राग दुप्पट झाला.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ चा, लागू झाला ३१ मार्च २००० ला. त्याचं कलम ५५ सांगतं, भाड्याचा करार लेखी पाहिजे, नोंदवलेला पाहिजे. नोंदवायची जबाबदारी कुणाची? मालकाची! नोंदवला नाही तर मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारापर्यंत दंड किंवा दोन्ही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, लेखी करार नसेल तर अटींबद्दल भाडेकरू जे सांगेल ते खरं धरायचं, जोपर्यंत दुसरं सिद्ध होत नाही. कलम २९ सांगतं, पाणी, वीज, जिन्यातला दिवा, संडास, योग्य कारणाशिवाय मालकाला तोडता येत नाही. म्हंजे माझी मोटर "बिघडली" तो गुन्हा होता. मला वाटत होतं माझं नशीब.

दुसरा कायदा १९५५ चा. आधी अस्पृश्यता गुन्हे कायदा म्हणायचे, १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण कायदा म्हणतात. त्यात सरळ लिहिलंय, की अस्पृश्यतेच्या कारणावरून कुठल्याही वस्तीत राहती जागा घ्यायला, तिथं राहायला आडकाठी करणं हा गुन्हा आहे. बहिष्कार म्हंजे काय ते सांगताना पहिल्यांदाच म्हटलंय, घर किंवा जमीन भाड्यानं द्यायला नकार देणं. शिक्षा एक ते सहा महिने आणि दंड शंभर ते पाचशे. आणि कलम १२ म्हणतं, गुन्ह्याचं कृत्य अनुसूचित जातीच्या माणसाबाबत झालं असेल तर कोर्टानं ते अस्पृश्यतेच्या कारणावरूनच झालं असं धरून चालायचं. नाही म्हणणाऱ्यानं सिद्ध करायचं.

मग अडतं कुठं? अडतं असं, की मालक तुम्हाला कधी सांगतो का, तू महार म्हणून नाही? तो म्हणतो, "अरेरे, कालच दिली हो." तो म्हणतो, "फॅमिलीला द्यायचीय." तो म्हणतो, "आम्हाला मांसाहार चालत नाही." आणि हे मासे खाणारा मालक म्हणतो! रत्नागिरीत! सकाळी त्याच्याच पाटीत मी बांगडा भरलेला असतो. एकट्या माणसाला वाटतं, असेल, दिली असेल काल. दुसऱ्या दारात परत तेच, तिसऱ्या दारात तेच. प्रत्येक जण आपला नकार खिशात घालून गप्प घरी जातो. माझा नकार तुला ठाऊक नाही, तुझा मला नाही. मालकाचं सगळं बळ ह्यात आहे.

आणि त्यांच्याकडं बघा. भाडेकरू ठेवला की त्याचा फोटो, आधार कार्ड, गावचा पत्ता पोलिसांकडं द्यायचा. एजंट एजंटला फोन करतो, "त्या पोराला देऊ नको." म्हंजे भाडेकरूंची वही जागोजाग आहे. मालकांची वही कुठं आहे? कुठल्या पोलीस ठाण्यात लिहिलंय, की ह्या माणसानं चार जणांचं डिपॉझिट खाल्लं?

म्हणून अॅप. पण आधी आम्ही वही केली. दोनशे पानी, टपरीवर मिळते ती. बंदरावर, एमआयडीसीच्या गेटवर, एसटी स्टँडवर, कॉलेजच्या पोरींत ती फिरवली. लोक लिहीत गेले तसतसं कळलं, की दोस्ताच्या डोक्यातलं पहिलं अॅप चुकीचं होतं. ते का, ते सांगतो. कारण अॅप म्हंजे बटणं नाहीत. अॅप म्हंजे कुठला प्रश्न विचारायचा, कुणाला विचारायचा आणि उत्तर कुणाच्या हातात द्यायचं, हे ठरवणं. ते ठरवायला इंजिनियर लागत नाही. ज्याला हाकललंय तो लागतो.

पहिली चूक: तारे. समजा एका मालकाकडं दहा भाडेकरू राहून गेले. सगळे त्याच्याच जातीचे. दहाही जण पाच तारे देणार. "मालक देवमाणूस." खरंच असेल, त्यांच्यापुरता. पण ज्या वीस जणांना त्यानं ओटीवरूनच परत पाठवलं ते तारे कुठं देणार? ते आत गेलेच नाहीत! तारे फक्त आत गेलेल्याचे मोजतात. आमच्या वहीत म्हणून पहिला रकाना दाराचा. दारात काय विचारलं? वाडी विचारली का? आडनावानंतर आवाज बदलला का? "कालच दिली" म्हणाला का, आणि आठ दिवसांनी पाटी तिथंच होती का?

ह्यात एक युक्ती आहे. एकाच दिवशी दोघांनी फोन करायचा. नोकरी तीच, पगार तोच, नाव फक्त वेगळं. सुखदेव थोरात आणि त्यांच्याबरोबरच्या संशोधकांनी दिल्लीच्या आसपास असंच करून बघितलं, २०१५ साली ते छापून आलं. वरच्या जातीच्या नावाला खोली मिळत गेली, दलित नावाला कमी, मुसलमान नावाला सगळ्यात कमी. प्रोफेसर लोकांनी केलं ते आपण करू शकतो. दोन फोन, दोन उत्तरं, तारीख, वेळ. हा पुरावा झाला. कलम १२ ला हात घालायचा तर हे हातात पाहिजे.

दुसरी चूक: शिव्या. वहीत पहिली नोंद मीच केली. मालकाला काय काय म्हटलं ते इथं सांगत नाही, बहिणी बसल्यात. दोस्त म्हणाला, हे खोड. मी म्हटलं, का? तो म्हणाला, अब्रूनुकसानी. १ जुलै २०२४ पासून जी न्याय संहिता लागू झाली तिच्यात ते कलम ३५६, आधी दंडविधानात ४९९ होतं. खरं असेल आणि लोकांच्या भल्यासाठी सांगितलं असेल तर गुन्हा नाही, पण ते खरं होतं हे दाखवायची पाळी आपल्यावर. मालक वकील लावील, आपण काय क्रेट लावणार? म्हणून शिवी नको, विशेषण नको. "मालक हरामी" हे खोडायचं. "अमुक तारखेला पाणी बंद, शेजारच्या खोल्यांत चालू, पावती मागितली ती दिली नाही" हे ठेवायचं. कवीला हे जड गेलं. पण लिहून झाल्यावर वाचलं तर शिवीपेक्षा ते जास्त लागत होतं. आणि माझ्याकडं कागद नाही, म्हणून माझा चौथा मालक आज बिननावाचा आहे. नियम सगळ्यांना सारखा.

तिसरी चूक: नाव. समजा मालकाची एकच खोली. तिच्यात गेली दोन वर्षं एकच पोरगी राहतेय. वहीत आलं, "मालक रात्री दार वाजवतो." कुणी लिहिलं ते मालकाला कळायला कितीसा वेळ? आपण तिला मदत केली की तिचा गळा कापला? म्हणून नोंद लगेच दिसायची नाही. खोली सोडल्यावर, काही महिने गेल्यावर, किंवा त्याच मालकाबद्दल निदान तिघांनी लिहिल्यावरच ती दिसायची. पण त्या पोरीला मदत आजच पाहिजे. त्यासाठी अॅप नको, आपल्या बायांची टोळी पाहिजे जी रात्री तिच्या खोलीवर जाऊन बसेल. अॅपचं काम कुठं संपतं तेही लिहून ठेवलं पाहिजे.

आणि आपलं नाव-फोटो मालकाला आधी दिसता कामा नये. एअरबीएनबी नावाचं अॅप आहे, परगावी घर भाड्यानं घ्यायचं. अमेरिकेतल्या संशोधकांनी त्यावर काळ्या लोकांची वाटतील अशी नावं आणि गोऱ्यांची वाटतील अशी नावं घालून जागा मागितली. काळ्या नावाला होकार १६ टक्क्यांनी कमी मिळाला. २०१७ साली ते छापून आलं. म्हंजे नवीन मशीन आलं म्हणून जुनी जात जात नाही. मशीनमध्ये वाडी विचारायचा रकाना ठेवला की मशीन पण ओटीवर बसतं.

चौथी गोष्ट, ही चूक नव्हती, भीती होती. कुणी म्हणालं, वाईट मालक सोडा, जे आपल्याला देतात त्यांचीच यादी करा. अमेरिकेत हे झालंय. हार्लेममध्ये व्हिक्टर ग्रीन नावाचा काळा पोस्टमन होता. १९३६ साली त्यानं छोटी पुस्तिका काढली, काळ्या माणसाला कुठल्या गावात कुठं उतरायला मिळेल, कुठं जेवायला मिळेल त्याची. तीस वर्षं निघत होती. ज्या काळ्या लोकांच्या लढ्याकडं बघून आपली पोरं १९७२ साली मुंबईत पँथर म्हणून उभी राहिली, त्यांच्या आधीच्या पिढीच्या गाडीत ही पुस्तिका असायची. एका पोस्टमननं केलं, मग हमालानं का करू नये?

पण ग्रीननंच तिच्यात लिहिलं होतं, की एक दिवस ही छापायची गरज उरणार नाही. म्हंजे यादी हे मुक्काम नाही. आपण सगळे मिळून त्या दहा "देणाऱ्या" मालकांच्या गल्लीत जाऊन राहिलो तर काय होईल? शहरात नवीन वाडी तयार होईल, आणि ती आपण आपल्या हातानं, मोबाईलवर बांधलेली असेल. बाकीचे मालक सुटले!

आणि देणाऱ्याचा पण विचार करा. माझी पाचवी मालकीण एक खारवी म्हातारी. तिनं मला एकच विचारलं, "रातीचं दार लावून घेतंस ना?" शेजारणींनी तिला समजावलं, की हा कोण आहे ठाऊक आहे का. ती म्हणाली, "भाडं तू देतंस?" वहीत तिचं नाव घालायचं म्हणून विचारायला गेलो तर म्हणाली, "माझं नाव घालू नको. मी काय उपकार केले? खोली रिकामी होती." मला वाटतं ह्या विषयावर इतकं नीट कुणीच बोललेलं नाही. तेव्हा नियम केला, देणाऱ्याचं नाव त्याला विचारल्याशिवाय घालायचं नाही.

आता पाचवी गोष्ट. ही सांगू की नको असं झालंय. पण नाही सांगितली तर हे भाषण खोटं.

माझा एक मामा. आपल्याच वस्तीत त्यानं मागच्या अंगाला दोन खोल्या काढल्या. बोटींवरचे नेपाळी खलाशी ठेवतो. एका खोलीत आठ-आठ. भाडं माणशी. संडास एक. पावती नाही. पोरं परदेशातली, भाषा येत नाही, बोट लागली की दोन दिवस येतात, तक्रार कुणाकडं करतील? आणि राजिवड्यातला माझा मुसलमान दोस्त लग्न झाल्यावर खोली मागायला गेला तर मामा म्हणाला, "कालच दिली."

कालच दिली! तेच शब्द! भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, आणि खाली बसून मामा हे बोलला.

दोस्तानं मला विचारलं, "मामाचं घालायचं?" दोन दिवस मी त्याला उत्तर दिलं नाही. मामानं मला लहानपणी वह्या घेऊन दिल्यात. माझ्या आईचा सख्खा भाऊ. पण त्या आठ पोरांपैकी एकाचा चेहरा डोळ्यांपुढून जाईना. तो माझ्याबरोबर बर्फ ओढतो. तिसऱ्या दिवशी मी वहीत लिहिलं. तारखेसकट. आता मामा माझ्याशी बोलत नाही. आई म्हणते, "घरातल्याच माणसाची चौकशी मांडलीस?" हो आये, मांडली. आपल्याच्या दारावर वही बंद केली तर ती वही नाही, ते जातीचं आणखी एक पान.

मित्रांनो, ज्याच्याकडं जास्तीची खोली आहे तो मालक. मालक झाला की माणसाच्या जिभेवर मालकाचे शब्द येतात. उद्या आपण पण घरं बांधू, बांधायलाच पाहिजेत. तेव्हा आपल्या तोंडातून "कालच दिली" यायला नको, ह्यासाठी पण ही वही आहे.

आता शेवटचं. कुणी म्हणेल, अॅपनं काय होणार? एक पण खोली वाढणार नाही. खरंय. एक पण वाढणार नाही. आपल्या पोरांना हॉस्टेलमध्ये जागा मिळाली नाही तर सरकार बाबासाहेबांच्या नावाच्या स्वाधार योजनेतून राहण्या-जेवणाचे पैसे देतं. पैसे देतं, दार उघडून देत नाही. त्या पैशाची खोली द्यायला परत तोच ओटीवरचा मालक. म्हणून मागणी हॉस्टेलची पाहिजे, नगरपरिषदेनं बांधलेल्या भाड्याच्या खोल्यांची पाहिजे, बंदरावरच्या कामगाराला निवाऱ्याची पाहिजे. आणि कायद्याची पाहिजे. अमेरिकेत हॉटेलाचं दार १९६४ च्या कायद्यानं उघडलं, भाड्याच्या घराचं दार १९६८ च्या. मार्टिन ल्यूथर किंगला मारल्यावर आठवड्यात सही झाली. आपल्याकडं घरं भाड्यानं देताना जात-धर्म बघायचा नाही असा स्वतंत्र कायदा अजून नाही. उलट २००५ साली सर्वोच्च न्यायालयानं एका पारशी सोसायटीच्या खटल्यात सांगितलं, की सोसायटीला सभासद आपल्याच समाजाचे ठेवायचा नियम करता येतो. बडोद्याच्या सरायीची वही अजून मिटलेली नाही.

पण कायदा मागायला जाताना रिकाम्या हातानं जायचं नाही. "आमच्यावर अन्याय होतो" म्हणून मोर्चा काढला तर ते म्हणतात, कुठं होतो, दाखवा. ही वही दाखवायची. अमुक तारीख, अमुक वेळ, दोन फोन, दोन उत्तरं. दहा पानं, शंभर पानं. मालक ओटीवर बसून माझी चौकशी करतो ना? आता त्याची चौकशी सुरू झालीय, आणि ती आपण लिहितोय.

अॅप तयार व्हायला वेळ आहे. दोस्त रात्रीचं दुकान बंद झाल्यावर करतो. यादी कुणाच्या हातात राहणार हे अजून ठरलेलं नाही. पक्षाच्या हातात द्यायची नाही, बिल्डरच्या तर नाहीच. एकाच माणसाच्या हातात पण नको, माझ्या पण नको. निदान पाच जण, त्यात दोन बाया, आणि एक तरी आपल्या जातीबाहेरचा. ह्यावर आज इथं भांडा. माझं चुकत असेल तर उठून सांगा.

तोपर्यंत वही दाराजवळच्या टेबलावर ठेवलीय, पेन दोरीला बांधलंय. जाताना प्रत्येकानं एक नोंद करायची. ज्याला कधीच नकार मिळाला नाही त्यानं पण लिहायचं, मिळाला नाही म्हणून. आणि ज्याच्या घरात खोली आहे त्यानं लिहायचं, आपण कुणाला नाही म्हटलं.

मी आता सहाव्या खोलीत राहतो. जाताना पहिल्याच दिवशी वाडी सांगितली, विचारायच्या आधीच. मालक थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, पाचशे जास्त पडतील. मी देतोय. ते पाचशे कशाचे ते पण वहीत लिहिलंय. फोटो भिंतीवर आहे.

जय भीम.